भाडेपट्ट्यातला ‘तो’

१

पत्र्याच्या पेटीत सगळं जागच्या जागी होतं. पाणीपट्टीच्या पावत्या, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आठ भाडेकरूंचे करार, दोन जुन्या बांगड्या. नव्हता तो एकच कागद, आणि पेटी उघडली होती ती त्याच कागदासाठी.

“नीट बघा ना मावशी,” करसल्लागार बाई हळूच म्हणाल्या.

“तीनदा बघितलं. चौथ्यांदा बघितलं म्हणून पेटी काय बाळंत होणार आहे?”

बोलण्यात ठसका होता, पण मावशी पुन्हा एकेक कागद बाहेर काढू लागली. विटा उचलून उचलून तिचे हात रापले होते. सारी गल्ली तिला गवंडीण मावशी म्हणे. बावीस वर्षांपूर्वी तिनं ही जमीन एका म्हाताऱ्या जमीनमालकाकडून पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली आणि नवरा-बायकोनं चार वर्षं खपून तिच्यावर हे तीन मजले उभे केले. नवरा गेल्यावर वरचा मजला तिनं एकटीनं पुरा केला. नव्या विटांना पैसे नव्हते, म्हणून पाडलेल्या घरांच्या विटा घासूनपुसून लावल्या. त्यामुळे दाखवायला पावती नव्हती. जे होतं ते भिंतीत होतं.

गेली नऊ वर्षं मावशीचं करपत्रक बाई भरत. जमीन दुसऱ्याची, इमारत आपली, असा हा मामला होता. जमिनीपोटी जे भुईभाडं द्यावं लागे ते उत्पन्नातून वजा व्हायचं. इमारतीचा घसारा म्हणून दरसाल ठरावीक रक्कम वजा व्हायची, ती इमारत जिची तिच्याच उत्पन्नातून. यंदा मात्र करकचेरीच्या लक्षात आलं, की एकाच इमारतीचा घसारा दोघांनी मागितला आहे. दुसरा मागणारा होता जमीनमालकाचा पुतण्या. म्हातारा गेल्या वर्षी वारला आणि जमीन पुतण्याकडे आली. कचेरीनं दोघांना नोटीस धाडली होती, की गुरुवारी अकराला मूळ भाडेपट्टा घेऊन हजर राहा. आज मंगळवार होता.

कागद नोंदवलेला नव्हता. दोनच प्रती होत्या, एक म्हाताऱ्याकडे, एक इथं. साक्षीदार दोघेही देवाघरी गेलेले. नऊ वर्षांत आपण एक नक्कल काढून ठेवू नये, याची बाईंना आता लाज वाटली. पण ‘कागद पेटीबाहेर गेला की घर गेलं’ असं म्हणून मावशी कधी तो हातात देतच नसे. स्वतः धरून ठेवायची, आणि बाई मान वाकडी करून मुदत आणि भुईभाड्याचा आकडा तेवढा उतरून घ्यायच्या.

नोटिशीला मागे एक कागद टाचलेला होता. पुतण्यानं दिलेली नक्कल. बाईंनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“काय लिहिलंय?”

“‘सदर जमीन तीवरील बांधकामासह पट्टेदारास पन्नास वर्षांकरिता भाडेपट्ट्याने दिली आहे. फुटल्यास अगर खचल्यास तो पट्टेदाराने स्वखर्चाने भरून घ्यावा.’”

“बांधकामासह?” मावशी ताडकन उठली. “कुणाचं बांधकाम? मी आले तेव्हा इथं बेडूक राहत होते, तेही भाडं न देता!”

“नोटीस आली तेव्हा तुम्हाला हे वाचून नाही दाखवलं कुणी?”

“खालच्या टंकमास्तरांनी वाचली की. मला कुठं वाचता येतंय, सहीपुरती अक्षरं येतात. ते म्हणाले, मूळ कागद घेऊन बोलावलंय. बस, एवढंच.”

बाईंनी नक्कल पिशवीत ठेवली. मूळ कागद मिळाला नाही, तर परवा अकरा वाजता मावशी स्वतः बांधलेल्या घरात परकी ठरणार होती.

२

पुतण्याचं रंगाचं दुकान होतं. काचेच्या टेबलामागे तो ऐटीत बसला होता आणि टेबलावर कागदाचा कपटाही नव्हता.

“या, या. मावशींनी पाठवलं? वाईट वाटतं हो मला. पण काकांनी इमारतीसकट जमीन दिली असेल, तर घसारा माझा. उद्या इमारतही माझीच म्हणावी लागेल. कायदा आहे, मी काय करणार?”

“तुमची मूळ प्रत बघायला मिळेल?”

“तिचा पार भुगा झालाय. काकांनी ती आठ घड्या घालून तांदळाच्या डब्यात ठेवली होती, मुंग्यांनी घड्या खाल्ल्या. आठ महिन्यांपूर्वी उघडली तर पापडासारखी तुटली. म्हणून तर टंकून घेतली.”

“कुणाकडून?”

“त्याच इमारतीतल्या टंकमास्तरांकडून. चाळीस वर्षांत अक्षर न चुकलेला माणूस, अशी त्यांची ख्याती. घडीत गेलेली अक्षरंसुद्धा अंदाजानं भरून देतात. आणि खरं सांगू? मावशींचा मूळ कागद सापडला तर मला हवाच आहे. माझं म्हणणं तिथंच पक्कं होईल.”

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. हावरा असेल, पण चोर वाटत नव्हता. ज्यानं कागद लपवला तो असा तोंड भरून कागद मागणार नाही.

त्या उठल्या तसा तो म्हणाला, “एक सांगू का? रविवारी भुईभाडं घ्यायला गेलो होतो. मावशी वर गच्चीवर होत्या, आणि त्यांचा धाकटा दीर पेटी उघडून बसला होता. मला बघून झाकण असं आपटलं, की बोटच सापडायचं!”

३

धाकटा दीर दुपारच्या जेवणानंतर डुलक्या घेत होता. पेटीचं नाव काढताच त्याची झोप उडाली.

“कोण म्हणतं? त्या रंगवाल्यानं सांगितलं ना? त्याच्या तोंडाला रंग फासायला हवा!”

“भाऊजी, पेटी उघडली होती की नाही?”

“उघडली होती. वहिनी किल्ली दारामागच्या खिळ्याला टांगते, सगळ्या जगाला ठाऊक आहे.” तो जरा वरमला. “पण कागदाला हात लावला असेल तर हात झडो माझा.”

“मग काय घेतलंत?”

त्यानं बायको आत असल्याची खात्री केली आणि उशीखालून एक फोटो काढला. पुऱ्या झालेल्या इमारतीसमोर गवंडीण मावशी उभी, हातात थापी, साडीवर चुना, आणि डोळ्यांत असा रुबाब, की बघणाऱ्यानंच नजर खाली करावी.

“मुलीला बघायला पाहुणे येणार होते हो. म्हटलं, त्यांना दाखवू. आमच्या घरातली बाई काय चीज आहे ते कळू दे. वहिनीकडे मागितला असता तर म्हणाली असती, मोठेपणा मिरवायला माझी भिंत पाहिजे होय? म्हणून गुपचूप आणला.”

“दाखवलात?”

“दाखवला की! पाहुणे मुलीला विसरले आणि फोटोच बघत बसले.”

बाईंना हसू आलं. फोटो पुऱ्या इमारतीचा होता, कुणी बांधली ते त्यातून सिद्ध होत नव्हतं. पण जो माणूस वहिनीनं घर बांधलं म्हणून चारचौघांत छाती फुगवतो, तो तिच्या घराचा कागद कशाला पळवेल?

“भाऊजी, तुम्ही पेटी उघडलीत तेव्हा भाडेपट्टा आत होता?”

दिरानं डोकं खाजवलं. “तो निळ्या फडक्यात गुंडाळलेला ना? फडकं होतं. पण चपटं होतं. आत काही नव्हतं बहुतेक.”

म्हणजे कागद रविवारच्या आधीच गेला होता. आणि नोटीस आली होती शुक्रवारी.

४

टंकमास्तरांचं दुकान तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. खोली एवढीशी, पण टाचणीसुद्धा तिरकी दिसायची नाही. कागदांचे गठ्ठे कडेला कडा लावून रचलेले. यंत्रावर पांढरं झाकण. मास्तरांच्या सदऱ्याची इस्त्रीही त्यांच्या टंकलेखनासारखीच, एका सुरकुतीची चूक नाही.

“बसा ताई. मावशींचा कागद हरवल्याचं कळलं. फार वाईट झालं.”

“नक्कल तुम्ही टंकलीत?”

“हो. आठ महिने झाले. माझं काम म्हणजे…” त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. एरवी ते वाक्य पुरं करत, असं सगळी गल्ली सांगे. चाळीस वर्षं, एक चूक नाही.

“काकांचा कागद घडीवर तुटला होता म्हणे.”

“बराच. पण अनुभवी माणसाला अक्षरं कळतात. शेजारचं अक्षर शेजाऱ्याची ओळख देतं.” मास्तर पेन्सिल उगाचच सरळ करू लागले. “तुम्हाला काय वाटतं ताई, मावशींचं काही होईल?”

“कागद नाही मिळाला तर कठीण आहे. ही जागा आधी कशी होती, हे सांगणारंही कुणी उरलं नाही. तुम्ही केव्हा आलात इथं?”

“बारा वर्षं झाली. तेव्हा तिन्ही मजले उभे होते. मी जन्माचा शहरातला, मला माती काय, चिखल काय! पण मावशींनी काय कष्ट काढले असतील. ओढ्याकाठची जमीन, बांध मोडून त्याच्या दगडांवर पाया भरायचा, सोपं आहे का?”

बाईंनी मान हलवली. बोलणं मायेचं होतं. मास्तरांचे डोळेही भरून आले होते. गेली बारा वर्षं मावशीची पत्रं, नोटिसा, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, सगळं त्यांनीच वाचून दाखवलेलं. दर शनिवारी मावशी त्यांना वर बोलावून चहा देई.

“शुक्रवारी नोटीस तुम्हीच वाचलीत ना?”

“हो.”

“आणि मागची नक्कल?”

मास्तरांची पेन्सिल खाली पडली. “वाचली असेल… आठवत नाही.”

चाळीस वर्षांत अक्षर न विसरलेला माणूस चार दिवसांपूर्वीचं विसरला होता.

बाई वर गेल्या आणि मावशीला एकच विचारलं, “तुम्ही आलात तेव्हा ओढ्याच्या बाजूला काय होतं?”

“पाळ होती की. दगडमातीची, कमरेएवढी. ओढ्याचं पाणी आत येऊ नये म्हणून. तिचेच दगड पायात घातले.”

“बांध नव्हता?”

“आमच्याकडं त्याला पाळ म्हणतात. बांध म्हणणारे म्हणत असतील.”

५

संध्याकाळी बाई स्वयंपाकघराच्या दारात नक्कल घेऊन बसल्या. कुठलाही कागद पुटपुटत वाचायची त्यांना सवय होती. डोळा चुकलेलं अक्षर माफ करतो, कान करत नाही, असं त्या म्हणत. आत त्यांचे यजमान भाजी चिरत होते.

“‘फुटल्यास अगर खचल्यास तो पट्टेदाराने स्वखर्चाने भरून घ्यावा…’”

“कोण फुटला?” आतून आवाज आला.

“अहो, भाडेपट्टा वाचतेय.”

“ते कळलं. पण ‘तो’ कोण? कुणाला भरून घ्यायचं?”

“बांधकाम,” बाई सहज म्हणाल्या, आणि थबकल्या.

बांधकाम म्हणजे ‘ते’. शाळेतलं पोरही सांगेल. ‘ते’ पडतं, ‘ते’ कोसळतं. फुटत नाही, आणि कुणी मातीनं भरूनही घेत नाही. मग वाक्यातला हा ‘तो’ कोण? फुटणारा, खचणारा, भरून घ्यायचा तो?

बाईंनी पेन्सिलीनं ‘बांधकामासह’वर गोल काढला आणि मधली दोन अक्षरं अंगठ्यानं झाकली. बांध आणि सह. मध्ये घडी गेली होती.

“बांधासह!” त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की आत विळीवरचा हात थांबला. “जमीन बांधासह दिली होती. बांध फुटला तर तिनं भरायचा!”

“सापडला म्हणायचा तुझा तो.”

पण बाईंचं समाधान झालं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी मास्तरांना बांध ठाऊक असता, तर त्यांनी मधे ‘काम’ घातलंच नसतं. शहरातल्या माणसाला बांध सुचला नाही, बांधकाम सुचलं. मग आज दुपारी त्यांच्या तोंडात बांध आला कुठून? मावशी तर जन्मभर पाळ म्हणत आलेली. बांध लिहिलेली जागा जगात एकच होती.

६

बुधवारी सकाळी मास्तर यंत्रावरचं झाकण काढत होते, तोच बाई आत आल्या. त्यांनी नक्कल टेबलावर ठेवली आणि ‘तो’वर बोट टेकवलं.

“मास्तर, हा तो कोण हो?”

मास्तरांनी पाहिलं. मग खालचा खण ओढला. आत दोन कोऱ्या कागदांच्या मधे, वरून काचेचं वजन ठेवून, मावशीचा भाडेपट्टा होता. एक घडी वाकडी नव्हती.

“शुक्रवारी नोटीस वाचली, तर मागे माझीच नक्कल,” ते म्हणाले. “मावशी म्हणाल्या, कागद पेटीत आहे. त्या चहा टाकायला आत गेल्या. मी खिळ्यावरची किल्ली घेऊन पेटी उघडली, कागद उलगडला. बांधासह. ताई, दोन अक्षरं! माझ्या मनची दोन अक्षरं. कागद सदऱ्यात कधी गेला, माझं मलाच कळलं नाही.”

“फाडला का नाही?”

“कागद फाडणाऱ्यांतला नाही मी.” या एका वाक्यापुरती त्यांची मान ताठ झाली. “उद्या देऊ, परवा देऊ, असं चाललं होतं. दिला तर सगळ्यांना कळणार. चाळीस वर्षं लोक माझ्याकडे येतात ते एवढ्यासाठीच. दुसरं काय आहे माझ्याजवळ?”

“माझं घर होतं तुमच्याजवळ,” दारातून आवाज आला.

मावशी उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. मास्तर उठले, पण त्यांना तिच्याकडे बघवेना.

“मास्तर, माझ्या चहाला चव नव्हती का हो? तोंडावर सांगायचं होतं, मावशी, माझी चूक झाली. मी काय तुम्हाला विटेत चिणणार होते?”

“हिंमत झाली नाही, मावशी.”

मावशीनं भाडेपट्टा उचलला, छातीशी धरला. मग स्टूल ओढून बसली. बोलली तेव्हा आवाज खाली आला होता.

“मी बांधलेली पहिली भिंत ठाऊक आहे तुम्हाला? उत्तरेची. चार दिवस राबून डोक्याएवढी केली. हे कामावरून आले, ओळंबा सोडला, तर भिंत दोन बोटं बाहेर. रडले. हे म्हणाले, लिंपून टाकू, कुणाला कळतंय? म्हटलं, मला कळतंय ना. दुसऱ्या दिवशी पाडली आणि तिथूनच पुन्हा उभी केली. आज तिच्यावर दोन मजले आहेत.” तिनं मास्तरांच्या यंत्राकडे बोट केलं. “तुमची भिंत बाहेर गेलीय. पाडा. पुन्हा बांधा.”

मास्तर यंत्रासमोर बसले. कोरा कागद चढवला. ‘मी शपथेवर लिहून देतो, की नकलेतील बांधकामासह हा शब्द माझी चूक असून…’ ‘चूक’ या शब्दापाशी त्यांचं बोट थांबलं. मग ती कळ त्यांनी अशी दाबली, की खोली दणाणली.

७

गुरुवारी अकरा वाजता करअधिकाऱ्यांनी मूळ भाडेपट्टा वाचला, मास्तरांचं लिहून दिलेलं वाचलं, आणि चष्मा वर करून पुतण्याकडे पाहिलं.

“तुमचं काही म्हणणं?”

पुतण्यानं मूळ कागद दोनदा वाचला. ‘बांधासह’वर त्याची नजर अडकली. “नाही,” तो म्हणाला. “काका सांगायचे, पावसाळ्यात ती जागा पोहायला बरी होती. मी ते थट्टेत घेत होतो. घसाऱ्याची मागणी मागे घेतो.” जाताना तो मावशीसमोर थांबला. “भुईभाडं मात्र वेळेवर द्या हं.”

“बावीस वर्षांत एक दिवस चुकले असेन तर सांग,” मावशी म्हणाली.

अधिकाऱ्यांनी एक पत्रक पुढे केलं. “इमारत तुमचीच, यात आता शंका नाही. तुमच्या वजावटी कायम. इथं सही करा. इमारत वापराने झिजत असून तिचा घसारा मान्य करावा, असं लिहिलंय.”

मावशीनं उचललेलं पेन खाली ठेवलं.

“कोण झिजतंय?”

“इमारत.”

“माझी?”

बाई घाईनं मधे पडल्या. “मावशी, ती फक्त वजावटीची भाषा आहे. दरसाल इमारतीचं मोल थोडं उतरलं असं धरायचं, म्हणजे तेवढा कर कमी.”

“म्हणजे नऊ वर्षं तुम्ही कचेरीला लिहून देताय, की गवंडिणीची भिंत झिजते?” मावशीच्या डोळ्यांत दुखावलेपण दाटलं. “ताई, तुम्ही माझ्या बाजूच्या ना?”

“मावशी, सगळेच लिहितात.”

“सगळ्यांच्या झिजत असतील. मला नको ती वजावट. पुरा कर भरते. पण हे मी नाही लिहून देणार.”

अधिकारी बाईंकडे बघू लागले. बाई अधिकाऱ्यांकडे. नऊ वर्षांच्या वजावटी एका सहीपाशी येऊन अडल्या होत्या. तेवढ्यात कोपऱ्यात साक्षीसाठी बसलेले मास्तर उठले. खिडकीपाशी कचेरीचं टंकयंत्र होतं.

“साहेब, खाली एक टीप घातली तर चालेल?”

“नियमात बसणारी असेल तर घाला.”

मास्तरांनी पत्रक यंत्रावर चढवलं, पण कळेला हात लावण्याआधी मागं वळून विचारलं, “मावशी, सांगा. तुम्ही म्हणाल तेच अक्षर. माझं एकही नाही.”

मावशीनं पदर सावरला आणि भर कचेरीत, एकेक शब्द विटेसारखा ठेवत, सांगितलं. मास्तरांनी टंकलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं:

“‘ही झीज कायद्यापुरती धरली आहे. इमारतीला काहीही झालेलं नाही.’”

“परत वाचा.”

त्यांनी परत वाचलं. मावशीनं पेन घेतलं आणि ठळक, सरळ सही केली.

अधिकाऱ्यांनी शिक्का उमटवला, पण कागद लगेच खाली ठेवला नाही. “एकोणीस वर्षं नोकरी झाली माझी,” ते म्हणाले. “घसारा मागताना अशी टीप आजवर कुणी जोडली नाही.”

“मग आजवर इथं कुणी स्वतः बांधलेली इमारत घेऊन आलं नसेल,” मावशी म्हणाली, आणि उठली.